शोध कुठून सुरू होतो? वाचनालयाच्या प्रोग्राममधून समजून घेऊ क्लास इनहेरिटन्स

बडोद्यातली मराठी मुलं घरी मराठी बोलतात, शाळा गुजराती किंवा इंग्रजी माध्यमातून करतात, आणि बीसीएला किंवा इंजिनिअरिंगला गेली की इनहेरिटन्सची इंग्रजी व्याख्या पाठ करतात: चाइल्ड क्लासला पॅरेंट क्लासचे गुणधर्म मिळतात. व्याख्या चुकीची नाही. पण तोंडी परीक्षेत कुणी विचारलं, "मिळतात म्हणजे काय होतं? पॅरेंटच्या कोडची नक्कल होते का?" की गाडी अडते. विषय फार अवघड आहे म्हणून ती अडते असं मला वाटत नाही. या विषयात कळीचा प्रश्न एकच आहे आणि नेमका तोच व्याख्येत येत नाही. ऑब्जेक्टला, म्हणजे क्लासच्या साच्यातून तयार झालेल्या वस्तूला, एखादं काम सांगितलं, तर त्या कामाचा कोड शोधायला सुरुवात कुठून होते? हा प्रश्न घट्ट धरला की ओव्हरराइड (पॅरेंटचं काम चाइल्डने बदलून लिहिणं), सुपर (वरच्या क्लासच्या कोडला हाक मारणं), कंस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार होताना चालणारा कोड), दोन पॅरेंटांचा घोळ, सगळं त्यातूनच उलगडत जातं.

दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या मराठी वाचनालयासाठी देवघेवीचा प्रोग्राम लिहायचा आहे असं धरू. बडोद्यात राहून वाचनालयाचं उदाहरण टाळणं मला जमणार नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला इथे बोलावलं, राज्यभर मोफत वाचनालयांचं जाळं उभारायला घेतलं आणि खेड्यापाड्यांत पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या धाडल्या. त्या फिरत्या पेट्या आपल्याला पुढे लागणार आहेत.

वाचनालयात ग्रंथ आहेत, मासिकं आहेत, दिवाळी अंक आहेत. प्रत्येकाला शीर्षक आणि दाखल क्रमांक असतोच. ग्रंथ चौदा दिवसांसाठी मिळतो. दिवाळी अंकावर सगळ्यांचा डोळा असतो, म्हणून तो सातच दिवस. कोडचा सांगाडा असा:

क्लास साहित्य
    शीर्षक, दाखल_क्रमांक
    मुदत( ) : १४ परत दे
    परतीची_तारीख(आज) : आज + स्वतः.मुदत( ) परत दे

क्लास ग्रंथ, पॅरेंट साहित्य
    पानसंख्या

क्लास दिवाळी_अंक, पॅरेंट साहित्य
    वर्ष
    मुदत( ) : ७ परत दे

जावात ज्याला धिस आणि पायथनमध्ये सेल्फ म्हणतात, तिथे मी "स्वतः" लिहिलं आहे. (क्लासची आणि मेथडची, म्हणजे मुदत( ) सारख्या कामांची, नावं देवनागरीत देणं जावात आणि पायथन ३ मध्ये खरोखर चालतं. सराव करताना जरूर देऊन बघा, कोड वाचताना डोक्यावरचा अर्धा भार उतरतो.)

आता आधी नक्कलेचा प्रश्न मिटवू. एक दिवाळी अंक तयार केला की मेमरीत त्याच्यासाठी जागा राखली जाते. त्या जागेत शीर्षक, दाखल क्रमांक आणि वर्ष, तिन्ही मावतात. म्हणजे माहितीपुरतं बोलायचं तर पॅरेंटने जाहीर केलेले रकाने प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये खरोखर असतात. सी प्लस प्लस किंवा जावासारख्या भाषांत साधारणपणे पॅरेंटचे रकाने आधी आणि चाइल्डचे त्यांच्या मागे असे मांडतात. त्यामुळे साहित्य क्लासमधल्या कोडला शीर्षक नेहमी ठरलेल्या जागीच सापडतं, समोर ग्रंथ असो वा दिवाळी अंक. मेथडचं तसं नाही. परतीची_तारीख हा कोड मेमरीत एकदाच असतो, साहित्य क्लासच्या नावे. वाचनालयात पाच हजार ऑब्जेक्ट असले तरी तो एकच. प्रत्येक ऑब्जेक्टकडे फक्त "माझा क्लास कोणता" एवढी खूण असते, आणि प्रत्येक क्लासला आपला पॅरेंट ठाऊक असतो.

मग काउंटरवरचा प्रोग्राम दिवाळी अंकाला विचारतो, परतीची तारीख सांग. शोध सुरू होतो ऑब्जेक्टच्या स्वतःच्या क्लासपासून. दिवाळी_अंक क्लासमध्ये परतीची_तारीख आहे का? नाही. एक पायरी वर, साहित्य. तिथे आहे. ती चालायला लागते.

इथवर सगळ्यांना पटतं. खरी मेख पुढच्या ओळीत आहे. चालू असलेला कोड साहित्य क्लासमधला आहे आणि त्यात लिहिलंय स्वतः.मुदत( ). आता मुदत कुठे शोधायची? पुष्कळ विद्यार्थी सांगतात, आपण साहित्यात आहोत, तिथेच मुदत आहे, म्हणून १४. उत्तर ७ आहे. कारण स्वतः म्हणजे अजूनही तोच दिवाळी अंक, आणि शोध दर वेळी ऑब्जेक्टपासून नव्याने सुरू होतो. सध्या कुठल्या क्लासचा कोड चालू आहे, याच्याशी शोधाला काही देणंघेणं नाही.

या एका नियमात इनहेरिटन्सची सगळी ताकद आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. परतीची_तारीख लिहिणाऱ्याने दिवाळी अंक हा शब्दही कोडमध्ये वापरलेला नाही. कदाचित त्याने तो क्लास लिहिला तेव्हा वाचनालयात दिवाळी अंक ठेवतच नसतील. नंतर दुसऱ्या कुणी नवा क्लास लिहिला, त्यात मुदत बदलली, आणि जुना, न शिवलेला कोड नव्या मुदतीने तारीख काढू लागला. नव्या कोडने जुन्याला वापरणं हे साध्या फंक्शनलाही जमतं. जुन्याने नव्याला हाक मारणं ही इथली खरी कमाई आहे.

ही कल्पना नॉर्वेतली. ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले योहान दाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड रांगांचे, वाहतुकीचे, कारखान्यांचे नमुने संगणकावर चालवून बघण्यासाठी भाषा घडवत होते. त्यांच्यापुढचं एक उदाहरण पुलावरच्या टोलनाक्याचं होतं. रांगेत ट्रक, बस, मोटारी सगळं येतं. रांगेचा कोड एकच हवा, पण प्रत्येक वाहनाचं स्वतःचं वागणं वेगळं. यातून सिम्युला ६७ या भाषेत क्लास, सबक्लास आणि चाइल्डने बदलता येणाऱ्या व्हर्च्युअल प्रोसीजर आल्या. त्या भाषेत पॅरेंटचं नाव क्लास या शब्दाच्या आधी लिहीत. दोघांना २००१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला आणि २००२ मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने दोघेही गेले.

दर वेळी असं पायऱ्या चढत शोधणं हळू होणार नाही का? पायथन खरोखरच चालत्या प्रोग्राममध्ये शोधतो आणि सापडलेलं काही काळ लक्षात ठेवतो. सी प्लस प्लसचे कंपायलर, म्हणजे कोड चालवण्याआधीच यंत्राच्या भाषेत उतरवणारे प्रोग्राम, शोध आधीच उरकतात. प्रत्येक क्लाससाठी एक तक्ता बनतो, त्याला व्ही टेबल म्हणतात. मुदतीला तक्त्यात समजा पहिला खण मिळाला, तर सगळ्या वंशजांच्या तक्त्यांतही मुदत पहिल्याच खणात. दिवाळी अंकाच्या तक्त्यात त्या खणात ७ देणाऱ्या कोडचा पत्ता, ग्रंथाच्या तक्त्यात साहित्याकडूनच आलेला पत्ता. प्रोग्राम चालताना फक्त पहिला खण उघडायचा. निकाल तोच, पायपीट नाही.

सी प्लस प्लसमध्ये एक सापळा मात्र आहे. बियार्ने स्ट्रूस्त्रुपने १९७९ मध्ये बेल लॅब्जमध्ये या भाषेचं काम सुरू केलं तेव्हापासून तिचं धोरण असं की न वापरलेल्या सोयीची किंमत कुणी मोजू नये. म्हणून तिथे मेथडपुढे व्हर्च्युअल हा शब्द लिहिला तरच शोध ऑब्जेक्टपासून सुरू होतो. तो विसरलात आणि साहित्याचा पॉइंटर (ऑब्जेक्टचा मेमरीतला पत्ता) धरून दिवाळी अंकाला मुदत विचारलीत, तर पॉइंटरचा जाहीर केलेला प्रकार बघितला जातो आणि उत्तर १४ येतं. एरर नाही, काही नाही. जावात उलट आहे, साधी मेथड मुळातच ओव्हरराइड होण्याजोगी असते. स्टॅटिक मेथड (ऑब्जेक्टशिवाय, थेट क्लासच्या नावाने चालणाऱ्या) आणि रकाने मात्र जावातही या शोधात भाग घेत नाहीत.

त्याच जातीची आणखी एक चूक स्पेलिंगची. दिवाळी_अंक क्लासमध्ये मुदतऐवजी मुद्दत लिहिलं गेलं, तर भाषेच्या लेखी ती नवीच मेथड. शोध तिला ओलांडून वर साहित्यापर्यंत जातो आणि सभासदाला चौदा दिवस मिळतात. म्हणून जावात मेथडवर ओव्हरराइड हा शेरा लिहायची सोय २००४ मध्ये आली, सी प्लस प्लसमध्ये तसाच शब्द २०११ च्या प्रमाणात आला. वर त्या नावाचं काही नसेल तर कंपायलर तिथेच अडवतो. माझ्या मते हा शेरा ऐच्छिक असायलाच नको होता.

सुपर म्हणजे कुणाच्या वर?

समजा साहित्य आणि दिवाळी अंक यांच्या मध्ये आपण नियतकालिक हा क्लास आणला. तिन्हींत चिठ्ठी( ) ही मेथड आहे, पुस्तकाच्या मागे चिकटवायची चिठ्ठी छापणारी. साहित्य शीर्षक छापतं. नियतकालिक आधी सुपरची चिठ्ठी चालवतं, मग महिना छापतं. दिवाळी अंकही आधी सुपरची चिठ्ठी चालवतो आणि मग वर्ष छापतो.

सुपर म्हणजे "ऑब्जेक्टच्या क्लासचा पॅरेंट" असं बरेच जण सांगतात. तपासून बघू. ऑब्जेक्ट दिवाळी अंक. त्याची चिठ्ठी सुपरला हाक मारते, पॅरेंट नियतकालिक, ठीक. आता नियतकालिकाचा कोड चालू आहे आणि तोही सुपरला हाक मारतो. ऑब्जेक्ट अजून दिवाळी अंकच आहे, त्याच्या क्लासचा पॅरेंट नियतकालिक, म्हणजे नियतकालिकाची चिठ्ठी पुन्हा स्वतःलाच बोलावणार, आणि हे थांबणारच नाही. तेव्हा ती समजूत टिकत नाही. सुपर मोजला जातो तो शब्द ज्या क्लासच्या कोडमध्ये लिहिला आहे तिथून, एक पायरी वर. एकूण काय, स्वतः असं लिहिलं तर शोध ऑब्जेक्टपासून, सुपर लिहिलं तर लिहिलेल्या जागेच्या वरून.

कंस्ट्रक्टरमध्ये हाच नियम एक विचित्र वळण घेतो. ऑब्जेक्ट वरून खाली बांधला जातो. आधी साहित्याचा कंस्ट्रक्टर आपला भाग भरतो, मग नियतकालिकाचा, शेवटी दिवाळी अंकाचा. आता साहित्याच्या कंस्ट्रक्टरमध्येच कुणी स्वतः.चिठ्ठी( ) लिहिलं तर? जावात शोध नेहमीप्रमाणे ऑब्जेक्टपासून, म्हणजे दिवाळी अंकाची चिठ्ठी चालते, पण वर्षाचा रकाना अजून भरलेलाच नाही. चिठ्ठीवर वर्ष ० छापून येतं. सी प्लस प्लसने वेगळा निर्णय घेतला. साहित्याचा कंस्ट्रक्टर चालू असेपर्यंत तो ऑब्जेक्ट फक्त साहित्यच धरला जातो, त्यामुळे साहित्याचीच चिठ्ठी चालते. दोन्ही भाषांत शहाणपण एकच: ओव्हरराइड होऊ शकणारी मेथड कंस्ट्रक्टरमधून बोलावू नये.

चाइल्ड म्हणवून घ्यायची अट

आता संदर्भ विभाग. शब्दकोश आणि जुनी दुर्मिळ पुस्तकं तिथेच बसून वाचायची, घरी मिळत नाहीत. साहित्य क्लासमध्ये घरी_दे(सभासद) ही मेथड आहे. संदर्भग्रंथ हा क्लास लिहिताना सगळ्यात सोपी वाट म्हणजे साहित्याला पॅरेंट करायचं आणि घरी_दे ओव्हरराइड करून एरर फेकायची. शीर्षक मिळालं, दाखल क्रमांक मिळाला, काम झालं.

काम बिघडलं. काउंटरचा प्रोग्राम साहित्याची यादी घेऊन प्रत्येकाला घरी_दे सांगतो. यादीत एक संदर्भग्रंथ शिरला की तो मध्येच कोसळतो. मग तिथे "संदर्भग्रंथ असेल तर वगळ" अशी ओळ घालावी लागते, उद्या हस्तलिखितासाठी आणखी एक, आणि जुन्या कोडला नव्याची माहिती नसली तरी चालतं ही कमाई हातची जाते. बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये एका परिषदेतल्या भाषणात आणि पुढे १९९४ मध्ये जेनेट विंग यांच्यासोबतच्या लेखात ही अट मांडली: पॅरेंटच्या जागी चाइल्डचा ऑब्जेक्ट ठेवला तरी, पॅरेंटवर विसंबून लिहिलेला प्रोग्राम बरोबरच चालला पाहिजे. पॅरेंट जे देऊ करतो ते चाइल्डने नाकारायचं नाही, आणि पॅरेंटने मागितलं त्याहून जास्त मागायचं नाही. मुदत १४ ची ७ करणं चालतं, कारण साहित्याने "काही दिवसांची मुदत" एवढंच कबूल केलं होतं. उद्या दुसऱ्या कुणी "मुदत नेहमी १४ च असते" असं गृहीत धरून कोड लिहिला असेल, तर तेही चालणार नाही. पॅरेंटचा शब्द नेमका किती, हे लिहून ठेवणं म्हणूनच महत्त्वाचं. इथे उपाय सोपा आहे. घरी_दे साहित्यातून काढायचं, देवघेव_साहित्य असा मधला क्लास करायचा, ग्रंथ आणि नियतकालिक त्याच्याखाली, संदर्भग्रंथ थेट साहित्याखाली.

पुस्तकांत हा मुद्दा चौरस आणि आयताच्या उदाहरणाने शिकवतात. ते बरोबर आहे, पण विद्यार्थ्याला तो भूमितीचा वाद वाटतो. काउंटर बंद पडलेलं दिसलं की पटकन उमगतं.

याहून अवघड दुखणं पॅरेंटच्या पोटात दडलेलं असतं. दाखलवही नावाचा क्लास घ्या. त्यात नोंदव(एक) आणि सगळे_नोंदव(यादी) अशा दोन मेथड. आपल्याला किती नोंदी झाल्या ते मोजायचं आहे, म्हणून चाइल्ड क्लासमध्ये दोन्ही ओव्हरराइड केल्या. नोंदवमध्ये मोजणी एकने वाढवून सुपरला बोलावलं, सगळे_नोंदवमध्ये यादीच्या लांबीने वाढवून सुपरला बोलावलं. पन्नास पुस्तकांची यादी दिली. मोजणी आली शंभर.

कारण पुन्हा तेच. पॅरेंटचं सगळे_नोंदव आतून एकेका पुस्तकासाठी स्वतः.नोंदव( ) बोलावतं, आणि तो शोध ऑब्जेक्टपासून सुरू होऊन आपल्या मोजणाऱ्या नोंदवपाशी थांबतो. आपली मोजणी बरोबर करायची तर पॅरेंट आतून काय करतो ते ठाऊक हवं. आणि ठाऊक करून घेतलं तरी पुढच्या आवृत्तीत पॅरेंट लिहिणाऱ्याने आतली रीत बदलली, तर चाइल्डला हात न लावता चाइल्ड मोडतो. जो नियम जुन्याला नव्याशी जोडतो, तोच दोघांना एकमेकांत अडकवतोही. म्हणूनच कोटलिनमध्ये क्लास मुळात बंद असतो. त्याचा चाइल्ड काढू द्यायचा असेल तर लिहिणाऱ्याने तो मुद्दाम ओपन म्हणून जाहीर करावा लागतो. मला ही शिस्त आवडते.

फिरत्या पेटीचा मोह इथेच होतो. पेटीत पुस्तकांची यादी असते, आणि यादीचा क्लास भाषेत तयार असतो. मग पेटीचा पॅरेंट यादी केला की टाकणं, काढणं, मोजणं सगळं आयतं. पण यादीत कुठल्याही जागी पुस्तक घुसवता येतं, सगळी यादी एका फटक्यात रिकामी करता येते, आणि ते सगळं आता पेटीलाही करता येतं, दाखलवहीत नोंद न होता. जावाच्या मूळ लायब्ररीत अगदी हेच झालं आहे. तिथला स्टॅक हा क्लास व्हेक्टरचा चाइल्ड आहे. स्टॅकमध्ये शेवटी ठेवलेलं आधी निघावं एवढीच अपेक्षा, पण व्हेक्टरकडून मिळालेल्या मेथडने त्याच्या मध्येही वस्तू खुपसता येते. जुने प्रोग्राम मोडतील म्हणून ते आजही तसंच आहे, आणि जावाची अधिकृत माहिती नव्या कोडसाठी डेक (दोन्ही टोकांनी टाकता-काढता येणारी रांग) वापरा म्हणून सुचवते. पेटीने यादी आपल्या एका रकान्यात ठेवावी, आणि टाक( ), काढ( ) एवढ्याच मेथड बाहेर दाखवाव्या. याला कंपोझिशन म्हणतात. दाखलवहीची मोजणीही अशीच करावी, मूळ वही आत ठेवून. मग आतली वही स्वतः म्हणते तेव्हा शोध तिच्यापासूनच सुरू होतो, आपल्यापर्यंत पोचत नाही, आणि पन्नासाचे पन्नासच राहतात.

दोन पॅरेंट

दृष्टिहीन वाचकांसाठी वाचनालयाने दिवाळी अंक ध्वनिरूपात आणला. तो नियतकालिकही आहे आणि ध्वनिसाहित्यही, आणि दोघांचा पॅरेंट साहित्य. नियतकालिकाची मुदत ७, ध्वनिसाहित्याची २१ असेल, तर बोलका_अंक काय सांगणार? वर जाण्याच्या वाटा दोन, आणि त्या शेवटी एकाच ठिकाणी मिळतात. या आकृतीला डायमंड म्हणतात.

प्रत्येक भाषेने आपापला तोडगा काढला. जावाने क्लासला एकच पॅरेंट ठेवला. इंटरफेस, म्हणजे कोडशिवाय नुसत्या मेथडच्या नावांची यादी, हवे तितके घेता येतात. २०१४ च्या जावा ८ पासून इंटरफेसमध्येही तयार कोड असू शकतो, आणि तसे दोन भिडले तर कंपायलर थांबून तुम्हाला निवड करायला लावतो. सी प्लस प्लसमध्ये काही न सांगता दोन पॅरेंट घेतले तर बोलक्या अंकात साहित्याचा भाग दोनदा येतो, दोन शीर्षकं, दोन दाखल क्रमांक. ते टाळायला व्हर्च्युअल इनहेरिटन्स वापरावं लागतं. पायथन सगळ्या पूर्वजांची एक सरळ रांग लावतो: बोलका_अंक, नियतकालिक, ध्वनिसाहित्य, साहित्य. चाइल्ड नेहमी पॅरेंटच्या आधी, आणि पॅरेंट ज्या क्रमाने लिहिले त्याच क्रमाने. सी ३ नावाची ही रीत २००३ च्या पायथन २.३ पासून आहे. शोध या रांगेतून पुढे सरकतो, म्हणून इथे उत्तर ७. पायथनमध्ये सुपरचा अर्थही त्यामुळे थोडा सरकतो: ऑब्जेक्टच्या रांगेत या क्लासनंतर जो येतो तो. नियतकालिकात लिहिलेला सुपर बोलक्या अंकासाठी ध्वनिसाहित्याकडे जाऊ शकतो, जे नियतकालिकाचं पॅरेंट नाहीच. पायथनमध्ये कुठल्याही क्लासची ही रांग छापून बघता येते. शंका आली की आधी तेच करावं.

इनहेरिटन्सशिवाय भागतं का? ॲलन के यांच्या गटाने १९७२ मध्ये केलेल्या पहिल्या स्मॉलटॉकमध्ये इनहेरिटन्स नव्हतं, ते स्मॉलटॉक ७६ मध्ये आलं. गो आणि रस्ट या अलीकडच्या भाषांत क्लास इनहेरिटन्स नाही आणि त्यांत मोठमोठे प्रोग्राम लिहिले जातात. तिथे एखाद्या प्रकाराला काय काय करता येतं ते इंटरफेसने किंवा ट्रेटने सांगतात आणि बाकी सगळं कंपोझिशनने जोडतात.

या वाचनालयाचा प्रोग्राम आज लिहायला घेतला तर मी साहित्य, त्याखाली देवघेव_साहित्य आणि संदर्भग्रंथ, आणि देवघेवीखाली ग्रंथ आणि नियतकालिक एवढंच झाड ठेवीन. दिवाळी अंकासाठी वेगळा क्लास काढणार नाही. फरक फक्त मुदतीचा आणि वर्षाचा असेल तर ते नियतकालिकाचे दोन रकाने पुरे. ध्वनिरूप हाही क्लास नको, "माध्यम" नावाचा एक रकाना, आणि त्यात छापील किंवा ध्वनी असा ऑब्जेक्ट ठेवला की डायमंड उभाच राहत नाही. पेटी आणि दाखलवही कुणाच्याच चाइल्ड नाहीत.

हा आराखडा कागदावर काढा, आणि बोलक्या अंकाची परतीची तारीख विचारली तर शोध कुठल्या कुठल्या क्लासमधून जाईल ते बोट ठेवून सांगून बघा.